खडीची वाट कोणासाठी?

इटलीतल्या तोस्काना प्रांतात, कियांतीच्या द्राक्षमळ्यांमधून चढउताराचे पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. ते डांबराखाली गडप होऊ नयेत, म्हणून १९९७ साली गायोले गावातून जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ फेरी सुरू झाली. खडीचा रस्ता तिथे वारसा ठरला. सह्याद्रीत सायकली घेऊन फिरणाऱ्या आपल्या मुलांनाही कच्च्या वाटांचा मोह पडतो, तो मला समजतो. पण अडलेल्या बाईला डोलीतून खाली आणावे लागणाऱ्या वाडीला त्या वाटेची गोडी नसते. तिला डांबरी रस्ता आधी मिळावा. मग जुनी गाडीवाट जपायची की नाही, हे गावाने ठरवावे. पाहुण्याच्या हौसेसाठी यजमानाने खड्डे सोसावेत, हा कुठला न्याय?