पडदा मागे का राहतो?

मुलांनो, गणेश चतुर्थीला राजारामपुरीत गणपती आगमनाची मिरवणूक निघते. अशा मिरवणुकीत कॅमेरे आणि मोठा पडदा लावलेला असेल, तर एक गंमत बघा. हलगीवर काठी आधी पडते, पडद्यावर ती जराशी मागाहून पडते! मधला वेळ जातो कुठं?

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ५० फ्रेम असतील, तर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची. कॅमेरा, कॅमेरे बदलणारा स्विचर, पडद्याचं यंत्र, प्रत्येक जण एखाददुसरी फ्रेम अडवून धरतो. पाच फ्रेम अडल्या, की गेला सेकंदाचा दहावा भाग!

स्विचर का अडवतो? शाळेतली कवायत आठवा. शिट्टी नसेल, तर ज्याचं त्याचं पाऊल वेगळ्या वेळी पडतं. कॅमेऱ्यांचंही तसंच. बेताल आलेलं चित्र स्विचर पुढच्या ठोक्यापर्यंत थांबवून ठेवतो. सगळ्या कॅमेऱ्यांना एकच ठोका दिला, की हे थांबणं टळतं. यालाच जेनलॉक म्हणतात. मधली नको असलेली यंत्रं काढली, की आणखी वेळ वाचतो.

तरी उशीर अगदी शून्य होत नाही. म्हणून लेझीम खेळताना पडद्याकडे बघून पाऊल टाकू नका, चुकेल! कान हलगीकडेच हवा.

आता एक कोडं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मग हलगीपासून किती मीटरवर उभं राहिलं, तर तिचा आवाज आणि पडद्यावरची काठी बरोबर जुळतील? करा बघू गणित!