गुरुजींच्या वहीतली पिवळी ज्वारी



या पानावर आपण पंपाची मोटार, फवारणीचा पंप, शिवणयंत्र अशा घरच्या यंत्रांविषयी बोलत असतो. आज विषय जरा निराळा आहे. जुना कॉम्प्युटर जुन्या रंगीत मॉनिटरला कसा जोडावा, हे सांगणार आहे. 'आमच्या घरी कुठला आलाय असला कॉम्प्युटर?' असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या गावच्या हायस्कुलाच्या कपाटात तो असण्याचा संभव आहे.

१९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाची योजना काढली. पहिल्या खेपेला सुमारे अडीचशे शाळांना 'बीबीसी मायक्रो' हे यंत्र मिळालं, पुढे आणखी शाळांना मिळालं. इंग्लंडात केंब्रिज इथल्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली बाजारात आणलं होतं. त्याची आठवण ३२ के, म्हणजे आजच्या मोबाईलवरचा एक फोटोही तिच्यात मावणार नाही इतकी थोडी. पण ज्यांनी हे यंत्र घडवलं त्याच मंडळींनी १९८५ साली 'आर्म' नावाची चिप तयार केली, आणि आज तुमच्या खिशातल्या मोबाईलचा मेंदू त्याच घराण्यातला आहे. तेव्हा ही पणजी आहे असं समजा. पणजीला भंगारात घालायचं नसतं.

आमच्या तालुक्याच्या हायस्कुलात मात्र ती वेळ आली होती. कपाट रिकामं करायचं ठरलं आणि शिपायाने खोकं बाहेर काढलं. ते यंत्र पूर्वी ज्यांच्या ताब्यात होतं ते आमचे गणिताचे गुरुजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना कळताच त्यांनी मला बोलावून घेतलं. हातात एक शंभरपानी वही होती. म्हणाले, "अरे, १९८७ साली मुलांना घेऊन बाजारभावाचा तक्ता लिहिला होता. ज्वारी पिवळी, बाजरी हिरवी, भुईमूग तांबडा. रंगाचे आकडे पुस्तकात पाहून घातले. पण शाळेत टीव्ही होता काळापांढरा. ते रंग मी अजून पाहिलेले नाहीत."

गुरुजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. काय ते लवकर करायला हवं होतं.

आता कामाचं ऐका.

पहिली गोष्ट, खोक्यातून काढलं की लगेच प्लग लावू नका. या यंत्राच्या वीजपुरवठ्याच्या डबीत दोन छोटे कंडेन्सर असतात. वयपरत्वे त्यांच्या पिवळट कवचाला भेगा जातात, आत ओल शिरते आणि वीज दिली की थोड्याच वेळात फट्‌ आवाज होऊन खोलीभर घाण धूर होतो. पंपाचा कंडेन्सर उडालेला ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ते दोन्ही आधी बदलून घ्यावेत. वस्तू स्वस्त आहे, पण काम जाणत्या मेकॅनिकचं आहे. प्लगला अर्थिंग हवंच. आपल्याकडच्या विजेची चढउतार पाहता मध्ये स्टॅबिलायझर असावा.

दुसरी गोष्ट, मॉनिटर. काचेच्या जुन्या मॉनिटरचं मागचं झाकण घरी कोणीही उघडू नये. आत वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ दबा धरून बसतो.

आता जोडणी. यंत्राच्या पाठीमागे चित्र बाहेर काढायला तीन वाटा आहेत. एक टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात जाते. तिच्यातून रंग येतो, पण अक्षरं पसरट दिसतात. दुसरी 'व्हिडिओ' लिहिलेली. तिथून कारखान्याच्या जोडणीप्रमाणे काळंपांढरंच चित्र येतं, रंगीत पडदा लावला तरीही. पुष्कळ जण इथे फसतात आणि मॉनिटरला दोष देतात. तिसरी वाट 'आरजीबी', सहा टाचण्यांची गोल खोबण. स्वच्छ रंग हवा तर हीच धरावी.

पंपाच्या तीन फेजना आपण आर, वाय, बी म्हणतो. इथे आर, जी, बी, म्हणजे तांबडा, हिरवा, निळा. टाचणी १ तांबडी, २ हिरवी, ३ निळी. चौथी 'सिंक', म्हणजे चित्राची ओळ कुठे सुरू करायची याची खूण देणारी. पाचवी जमीन, म्हणजे परतीची तार. सहावीवर पाच व्होल्ट असतात, ती मोकळीच ठेवावी. टाचण्यांचे आकडे ओळीने नसतात, अंदाजाने मोजू नका. प्लगवर बारीक अक्षरात छापलेले असतात, ते भिंग घेऊन पाहा.

मॉनिटर कुठला चालेल? ज्यावर आरजीबी आणि सिंक अशा वेगळ्या खोबणी आहेत तो. आमचा मिळाला शहरातल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या माळ्यावर. कॉम्प्युटरचे नंतरचे व्हीजीए पडदे इथे उपयोगी नाहीत. आपलं यंत्र सेकंदाला १५,६२५ ओळी पाठवतं आणि त्या पडद्यांना ३१ हजारांच्या पुढे लागतात. बैलाची चाल आणि मोटरसायकलची चाल एका जुवाखाली चालत नाही.

आणखी एक मेख आहे. यंत्रातून रंगाची वीज काही व्होल्ट येते आणि व्हिडिओच्या मॉनिटरला सुमारे पाऊण व्होल्टच हवी असते. म्हणून तिन्ही रंगांच्या तारांत एकेक रेझिस्टर घालतात. माझ्या पुतण्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने मोजून ३३० ओहमचे घातले. तुमच्याकडे मॉनिटर निराळा असेल तर त्याप्रमाणे मोजून घालावेत. सिंकचा दाबही मॉनिटरच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा. शाळांसाठीच बनवलेल्या काही मॉनिटरना हा दाब थेट चालतो, तिथे रेझिस्टर लागत नाही.

एवढं झाल्यावर मॉनिटरवर 'आरजीबी' आणि 'एक्स्टर्नल सिंक' ही बटणं दाबली. यंत्र चालू केलं, दोन सुरांत पिपाणी वाजली आणि अक्षरं उमटली. गुरुजींच्या नातीने वही पुढे ठेवून ओळी टाइप केल्या. चाळीसच ओळी, पण दीड तास लागला. शेवटी 'रन' लिहून बटण दाबलं.

तक्ता आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी मात्र पडद्याजवळ सरकले आणि म्हणाले, "भुईमूग कुठे गेला?"

खरंच, भुईमुगाची जागा काळी. ज्वारीची पट्टी हिरवी आणि बाजरीचीही हिरवी. वरचं नाव आकाशी रंगात. आम्हाला वाटलं मॉनिटर म्हातारा झाला, असंच दिसायचं. नात म्हणाली, "आजोबा, टाइप करताना माझंच काही चुकलं असेल."

गुरुजींनी वहीवर बोट ठेवलं. "ज्वारीला आकडा ३, म्हणजे पिवळा. नावाला ७, म्हणजे पांढरा. तुझं बरोबर आहे, पोरी. तारेचं चुकलंय. तांबडी तार पोचत नाही."

हे नीट समजून घ्या. रांगोळीचे रंग आणि उजेडाचे रंग यांचा हिशेब वेगळा. उजेडात तांबडा आणि हिरवा मिळून पिवळा होतो, हिरवा आणि निळा मिळून आकाशी, तिन्ही मिळून पांढरा. तांबडा गेला की पिवळ्याचा हिरवा उरतो, पांढऱ्याचा आकाशी, आणि नुसता तांबडा पार नाहीसा होतो. हिरवी तार तुटली तर पिवळा तांबडा दिसेल. निळी तुटली तर पांढरा पिवळा दिसेल. तांबडी-निळीची अदलाबदल झाली तर पिवळा आकाशी होईल. आणि चित्र स्थिर न राहता वाहत, फाटत असेल तर सिंकची तार पाहा. एक फेज गेला की मोटार गुरगुरते, तसा इथे रंग बोलतो. त्याचं ऐकलं की दोष सापडतो.

दोन्ही प्लग काढले, मीटर लावला. टाचणी १चा डाग सुटलेला होता. पुतण्याने पुन्हा डाग दिला. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या खेपेला ज्वारी पिवळी आली, अगदी हुरडा संपून कणीस भरल्यावर येते तशी. भुईमूग तांबडा, बाजरी हिरवी. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले. मग ऑपरेशन झालेला डोळा झाकून दुसऱ्याने पाहिलं आणि म्हणाले, "या डोळ्याला ज्वारी मळकट दिसतेय. डॉक्टरची तारीख घेतली पाहिजे."

यंत्र आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. गुरुजींची वहीही तिथेच ठेवली आहे, मुलांना हाताळायला.

तेव्हा मंडळी, तुमच्या शाळेचं कपाट रिकामं होत असेल तर भंगारवाल्याच्या आधी तुम्ही जाऊन या. वजनावर फार तर चहापाण्याचे पैसे येतील. विजेचं काम जाणत्याकडून करून घ्या, मुलांना एकटं सोडू नका. आणि त्या वेळचे गुरुजी किंवा बाई गावात असतील तर त्यांना आधी विचारा. वही त्यांच्याकडेच असेल.