रोहिणीचे पाणी आणि बलाढ्य राष्ट्रे

दोघांच्या भांडणात तिसऱ्याने का पडावे, हा प्रश्न आपल्या मंडळींच्या बैठकीतही अधूनमधून ऐकू येतो. त्यामागे अनुभव आहे, हे मान्य केले पाहिजे. शांततेचे नाव घेऊन परक्या भूमीवर सैन्य उतरविणाऱ्यांचे हेतू क्वचितच निर्मळ असतात. २००३ साली इराकवर चढाई करताना ज्या संहारक शस्त्रांचे कारण पुढे करण्यात आले, ती शस्त्रे सापडलीच नाहीत. तरीही कलह शमविण्याचे नैतिक उत्तरदायित्व बलाढ्य राष्ट्रांवर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग वर्णिला आहे. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा पेटला. शाक्य संघ युद्धास सिद्ध झाला. तेव्हा सिद्धार्थाने सुचविले की, दोघे आपले, दोघे कोलीयांचे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. संघाने ती सूचना बहुमताने फेटाळली आणि सिद्धार्थाला गृहत्याग करावा लागला. या कथेतील पाचव्या माणसाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो स्वतःहून घुसलेला नाही. दोन्ही पक्षांच्या माणसांनी त्याला बोलाविलेले आहे. इराकमध्ये शिरलेले राष्ट्र असा पाचवा माणूस नव्हते.

रवांडात मात्र तो होता. ऑगस्ट १९९३ मध्ये अरुशा येथे तेथील सरकार आणि बंडखोर यांनी करार केला आणि दोघांनीही तटस्थ आंतरराष्ट्रीय सेनेची मागणी केली. त्यानुसार संयुक्त राष्ट्रसंघाचे सैनिक आले. जानेवारी १९९४ मध्ये त्यांचे सेनापती रोमिओ दालेर यांनी शस्त्रसाठे व हत्येच्या सिद्धतेविषयी न्यूयॉर्कला कळविले. साठ्यांवर धाड घालण्याची अनुमती मिळाली नाही. एप्रिलमध्ये संहार सुरू झाला, बेल्जियमचे दहा सैनिक मारले गेले आणि त्या देशाने आपले पथक मागे घेतले. पाश्चात्त्य विमाने आली, ती आपापल्या नागरिकांना घेऊन गेली. २१ एप्रिल रोजी सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची ती सेना २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली.

त्या आठवड्यांत अमेरिकेचे प्रवक्ते ‘वंशसंहार’ हा शब्द उच्चारण्याचे कटाक्षाने टाळीत होते, कारण १९४८ च्या करारान्वये तो शब्द उच्चारला की प्रतिबंधाचे कर्तव्य दारात उभे राहते. आमच्या व्यवसायात यास निदान लपविणे म्हणतात. उपचार न करणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची जबाबदारी वैद्याला टाळता येत नाही. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी किगालीत जाऊन, आपण पुरेशा त्वरेने पावले उचलली नाहीत, अशी कबुली दिली. मृतांना तिचा काय उपयोग?

त्या काळात घानाच्या सैनिकांनी किगाली सोडली नाही. उरलेल्या त्या मूठभर सैनिकांच्या आश्रयाने हजारो लोक वाचले. हे गरीब देशाला साधले. बलाढ्यांची असमर्थतेची सबब म्हणूनच पटत नाही.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. रवांडात नाक्यानाक्यावर माणसाचे ओळखपत्र पाहून त्याला मारीत. हुतू की तुत्सी हे त्यावर नोंदविण्याची पद्धत बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात घातली होती. जन्माचा शिक्का काय करू शकतो, हे आपणांस वेगळे सांगावयास नको. शिवाय २००१ साली दरबान येथील वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न घेऊन आपली माणसे गेली, तेव्हा ही आमची अंतर्गत बाब आहे, असे उत्तर भारत सरकारने दिले. आपण ते उत्तर मानले नाही. मग तेच उत्तर दुसऱ्या देशातील पीडितांच्या बाबतीत आपण कोणत्या तोंडाने द्यावे?

आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे आता येथील मतदार आहेत. लोकप्रतिनिधींकडे आपली शिष्टमंडळे जातात, ती बहुधा व्हिसासाठी, नातलगांच्या अर्जांसाठी आणि चौदा एप्रिलच्या शुभेच्छापत्रासाठी. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात यादवी पेटली आणि दारफूरमध्ये माणसे त्यांच्या जमातीवरून मारली गेली. त्याविषयी एखाद्या बौद्ध संघटनेचे निवेदन कोणा प्रतिनिधीच्या मेजावर पोहोचल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे.