गव्यासाठी कोणती गोळी? शिकारीच्या एका प्रश्नामागचा कायदा (थ्रेड)

१/ ब्रिटिशकालीन शिकारग्रंथ वाचणाऱ्याला एक प्रश्न हमखास भेटतो : गव्यासाठी किंवा रानरेड्यासाठी रायफल किती बोअरची असावी आणि गोळी कशाची? तांत्रिक तपशील म्हणून आपण ती पाने उलटून टाकतो. माझे मत असे की, त्या ग्रंथांतली सर्वाधिक राजकीय पाने तीच आहेत.

२/ आधी प्राणी समजून घेऊ. पूर्ण वाढलेला गवा खांद्यापाशी साडेपाच ते सहा फूट उंच आणि सुमारे आठशे ते हजार किलो वजनाचा. पाठीवरचा उंचवटा मणक्यांच्या लांब काट्यांचा असतो. म्हणून दिसणाऱ्या देहाच्या मध्यावर नेम धरला, तर गोळी हृदयाच्या वरून निघून जाते. हृदय बरेच खाली, खांद्याच्या जाड हाडाआड. रानरेडाही तितकाच थोराड.

३/ आता बोअर. एक पौंड शिशाच्या जितक्या समान गोल गोळ्या होतील, तितका नळीचा बोअर. १२ बोअर म्हणजे पौंडाला बारा गोळ्या. ८ बोअर म्हणजे दोन औंसांची, सुमारे ५७ ग्रॅमची एक गोळी. ४ बोअर म्हणजे त्याच्या दुप्पट. आकडा लहान, तशी गोळी मोठी. काळ्या दारूने गोळीला फारसा वेग देता येत नसे. ती उणीव वजनाने भरून काढली जाई.

४/ दुसरी अडचण शिशाची. ते मऊ, हाडावर आदळले की चपटे होते. म्हणून शिशात कथील मिसळून गोळी कठीण केली जाई. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात नोकरी केलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने १८६०च्या दशकाच्या प्रारंभी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. गोल गोळी, आट्यांना कमी पीळ आणि दारूचा मोठा भार, हा त्याचा आग्रह.

५/ पुढे ‘एक्सप्रेस’ रायफली आल्या. गोळी हलकी, टोकाशी पोकळ, वेग अधिक. हरणासाठी उत्तम, गव्याच्या खांद्यावर मात्र ती हाडापाशीच फुटे आणि जनावर घायाळ होऊन रानात शिरे. घायाळ गव्याचा माग काढणे हे शिकाऱ्याचे सर्वांत धोक्याचे काम.

६/ १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी यांनी .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली. धूर न करणारी कॉर्डाइट दारू, ४८० ग्रेनची म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला दोन हजार फुटांहून अधिक. गोळीवर धातूचे पूर्ण कवच असले तर ती ‘सॉलिड’ : हाड भेदून आत जाणारी. टोक उघडे असले तर ‘सॉफ्ट नोज’ : मऊ देहात पसरणारी. वाघाला सॉफ्ट, गव्याला सॉलिड, असा दंडक रूढ होत गेला.

७/ येथवर सारे तंत्र. राजकारण येथून सुरू होते. देहात पसरणारी लष्करी गोळी याच दशकात कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात घडली आणि जगाने तिला ‘दमदम’ हेच नाव दिले. १८९९च्या हेग परिषदेत युद्धातील अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला. ब्रिटनने प्रथम विरोध केला. मान्यता दिली ती १९०७ मध्ये.

८/ त्याच १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० कॅलिबरवर सरकारने बंदी घातली. कारण गव्याशी संबंधित नव्हते. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीची नळीही .४५० मापाची होती. त्या रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि शिकारीची काडतुसे त्यांना उपयोगी पडतील, ही भीती होती. मग बंदूक कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी मापे पुढे आणली.

९/ म्हणजे ‘गव्यासाठी .४७० उत्तम’ हे पुढच्या काळातील शिकाऱ्यांचे मत केवळ अनुभवातून आलेले नाही. .४५० आणि .४७० यांत गव्याच्या दृष्टीने नाव घेण्यासारखा फरक नाही. फरक सरकारच्या दृष्टीने होता. आवडीनिवडी म्हणून लिहिलेल्या ओळीमागे असा हुकूम उभा असतो.

१०/ आता १८७८ कडे या. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. लॉर्ड लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. युरोपियनांना त्यातून सूट होती. वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार सरकारी नियमांखाली आणली. एकाने बंदूक नियंत्रित केली, दुसऱ्याने रान.

११/ आणि मग त्याच ग्रंथांत तक्रार दिसते की, ‘नेटिव्ह’ शिकारी पाणवठ्यावर दबा धरतो, ठासणीच्या बंदुकीत मिळेल ते भरतो आणि जनावर घायाळ करून सोडतो. निरीक्षण अनेकदा खरेही असेल. परंतु त्याच्या हाती ठासणीचीच बंदूक का उरली, हे लेखक सांगत नाही. चांगली रायफल दुर्लभ करायची आणि वाईट रायफलीबद्दल क्रूर म्हणायचे, हा न्याय विचित्र आहे.

१२/ यावर आक्षेप येईल : योग्य कॅलिबरच्या आग्रहामागे जनावराला यातना होऊ नयेत ही खरी तळमळ नव्हती का? होती, आणि ती नाकारू नये. परंतु ती नीती ‘कसे मारावे’ एवढेच विचारते. किती मारावे आणि मारण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न तिच्या कक्षेत येत नाहीत.

१३/ हे ग्रंथ फेकून द्यावेत, असेही मी म्हणत नाही. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत शिकारी आणि निसर्गाभ्यासक हे बहुधा एकच होते. बालपणीच्या सुट्ट्या तेव्हाच्या रानवट चेंबूरमध्ये घालवणारे सलीम अली त्या संस्थेत पोहोचले, तेही एअरगनने पाडलेली एक चिमणी हातात घेऊन. गवा पूर्वी कोठे होता, हे सांगणारी साधने बहुतांशी बंदूकधाऱ्यांचीच आहेत.

१४/ पुढे काय झाले? शिकार, जंगलतोड आणि गुरांकडून आलेली बुळकांडी, तिन्हींनी हे प्राणी घटले. महाराष्ट्रात रानम्हशी आज गडचिरोलीच्या कोलामार्का परिसरात मोजक्याच उरल्या आहेत. गव्याचे आश्रयस्थान ठरलेले दाजीपूर हे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान. १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले. १९७२च्या कायद्याने दोघांनाही सर्वोच्च संरक्षण दिले.

१५/ कॅलिबरचे राजकारण मात्र संपले नाही. .३०३ हे लष्करी माप नागरिकांना आजही निषिद्ध. म्हणून आपल्या आयुधनिर्माणीने.३१५ ही परवानायोग्य रायफल बनवली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना हा अजूनही चर्चेचा विषय आहे. आणि डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीचा पाठलाग, धावपळ आणि बेशुद्ध करण्याचा प्रयत्न यांनंतर मरण पावला. तेथे एकही गोळी सुटली नव्हती.

१६/ म्हणून पुढच्या वेळी शिकारकथेत बोअर, ग्रेन आणि काडतुसांची यादी आली, की पान उलटू नका. तीन प्रश्न विचारा : हे माप बाजारात कोणत्या हुकुमाने आले? ही रायफल कोणाला बाळगता येत नव्हती? आणि त्या हंगामात लेखकाने एकूण किती जनावरे टिपली? तिसऱ्याचे उत्तर लेखक बहुधा अभिमानाने देतो. पहिली दोन आपल्याला शोधावी लागतात.