बी.एड. आंतरवासितेला विद्यावेतन आणि प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय, उच्च व तंत्रशिक्षण विभाग
मा. मंत्री महोदय, शालेय शिक्षण विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
(मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार)

विषय : बी.एड. छात्राध्यापकांच्या शालेय आंतरवासितेतील अडचणी व मागण्या.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नंदुरबार जिल्ह्यातील बी.एड. द्वितीय वर्षाचे छात्राध्यापक आहोत. एकच निवेदन दोन विभागांना का, याचा खुलासा आधी करतो. आमचे महाविद्यालय उच्च शिक्षणाच्या अखत्यारीत येते आणि आम्ही पाठ घेतो ती शाळा शालेय शिक्षणाच्या. या जिल्ह्यात तर ती बऱ्याचदा आश्रमशाळा असते, म्हणजे आदिवासी विकास विभागाची. अडचण घेऊन कुठेही गेलो की ‘हा आमचा विषय नाही’ असे उत्तर मिळते. नियम पाहता कुणाचेच उत्तर चूक नाही, म्हणून तर आमचा प्रश्न आजवर कुणाच्याच टेबलावर पोहोचलेला नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले. त्यात शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी 20 आठवडे राखलेले आहेत : पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. या काळात 90 टक्के उपस्थिती सक्तीची आहे. या सुधारणेमागे न्या. जे. एस. वर्मा आयोगाचा 2012 चा अहवाल होता, आणि तो आयोग नेमला गेला तोच महाराष्ट्रातील 291 डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून. शिक्षक घडवण्याच्या नावाखाली काय चालते, हे आपल्याच राज्याने देशाला दाखवून दिले होते. त्यामुळे हे 20 आठवडे नीट पार पाडण्याची जबाबदारी महाराष्ट्रावर थोडी जास्तच आहे, असे आम्हाला वाटते.

प्रत्यक्षात काय होते ते सांगतो. सातवीत अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ आहे. टाचणातील ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात ठरलेले वाक्य लिहिलेले असते की, विद्यार्थ्यांना लसावि काढता येतो. वर्गात गेल्यावर पाच मिनिटांत कळते की अर्ध्या मुलांचा भागाकारच कच्चा आहे. घरी पावरी किंवा भिलोरी बोलणारी मुले आमची पुस्तकी मराठी ऐकून नुसती मान डोलावतात. अशा वेळी पाठ तिथेच थांबवून भागाकारापासून सुरुवात करायची, की टाचणाप्रमाणे फलकलेखन पूर्ण करायचे? शिक्षक होण्यातले खरे शिक्षण याच प्रश्नात आहे. पण तो विचारावा असे मागच्या बाकावर कुणी बसलेलेच नसते. मार्गदर्शक शिक्षकांना स्वतःच्या तासिका असतात, त्यात कुणी मतदार यादीच्या कामावर तर कुणी ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेले. त्यांचा वर्गही मग आमच्याकडेच येतो. आठवड्याअखेरीस दहा टाचणांवर एकदम सह्या होतात आणि शेरा बहुधा ‘अक्षर सुधारा’ एवढाच असतो. (अक्षर सुधारलेही, हे इथे नमूद करतो.)

आम्ही मार्गदर्शक शिक्षकांना दोष देत नाही. या कामासाठी त्यांना ना तासिकांत सवलत आहे ना मानधन. म्हणून आमची पहिली मागणी त्यांच्यासाठी आहे. ज्या शिक्षकाकडे छात्राध्यापक सोपवले जातील, त्याच्या आठवड्याच्या तासिका कमी कराव्यात, त्याला या कामाचे मानधन द्यावे आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने त्याचे छोटे प्रशिक्षण घ्यावे. प्रत्येक छात्राध्यापकाचा आठवड्यातून किमान एक पाठ पूर्ण वेळ पाहिला जावा आणि त्यावर समोरासमोर चर्चा व्हावी. एकही पाठ न पाहता दिलेली सही ग्राह्य धरू नये. बाकी सगळे जमले नाही तरी एवढे व्हावे.

दुसरी मागणी पैशांची आहे, आणि ती करताना आम्हाला संकोच वाटत नाही. एम.बी.बी.एस.च्या आंतरवासितेत विद्यावेतन मिळते. शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरवले आणि त्यातील अनेक प्रशिक्षणार्थी जिल्हा परिषदेच्या शाळांतच रुजू झाले. म्हणजे शाळेत शिकण्याचे पैसे देता येतात, हे शासनाने स्वतःच मान्य केलेले आहे. शिक्षकाचाच अभ्यासक्रम शिकणारा मात्र फी भरून 16 आठवडे तेच काम करतो. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुले शहाद्यात किंवा नंदुरबारात खोली घेऊन राहतात. त्यांना घाटातल्या शाळेत पाठवले तर एस.टी.चे भाडे पदरचे, आणि परतीची गाडी चुकली तर मुक्कामाची सोयही त्यांनीच पाहायची. परिणामी जो तो गावातली, बसस्थानकाजवळची शाळा मागतो. जिथे शिक्षकांची खरी गरज आहे, त्या शाळांचे तोंडही न पाहता आम्ही पदवी घेऊन बाहेर पडतो. आंतरवासितेच्या काळात त्याच योजनेइतके विद्यावेतन मिळावे आणि दुर्गम शाळा वा आश्रमशाळा स्वीकारणाऱ्यास प्रवास व निवासाचा खर्च वेगळा द्यावा.

‘नॉन अटेंडिंग’ प्रवेशांचा उल्लेख टाळून चालणार नाही. महाविद्यालयात न येता आणि शाळेत पाऊल न टाकता आंतरवासिता पूर्ण झाल्याचा दाखला विकत मिळतो, हे जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. आमच्या 90 टक्के उपस्थितीची किंमत त्यामुळे शून्य होते. आंतरवासितेची हजेरी महाविद्यालयाने नव्हे, शाळेने रोज नोंदवावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी ती अचानक तपासावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालानुसार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता उरलेली नाही. तरीही ‘प्राथमिक व माध्यमिक शिक्षक व्हा’ अशा जाहिराती पाहून मुले प्रवेश घेतात. नंतरचा सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम निकालापूर्वी नियुक्त झालेल्यांसाठी आहे, नव्या उमेदवारांसाठी नाही. प्राथमिकसाठी डी.एल.एड. लागते, हे सीईटीच्या अर्जातच ठळक छापावे आणि उमेदवाराची त्यावर सही घ्यावी.

आणखी एक भीती आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी एक वर्षाचे बी.एड. सुचवले आहे आणि परिषदेच्या 2025 च्या मसुद्यातही ते आले. आधीच प्रवेश फेऱ्या लांबून सत्र उशिरा सुरू होते. एका वर्षात सगळे बसवायचे म्हटले की कात्री आंतरवासितेलाच लागणार, कारण थिअरीचा पेपर विद्यापीठ कधी रद्द करत नाही. वर्ष एक असो वा दोन, शाळेतील 16 सलग आठवडे कमी होणार नाहीत, असे राज्याने परिषदेला लेखी कळवावे.

वरील मागण्यांवर दोन्ही विभागांनी, आदिवासी विकास विभागाला सोबत घेऊन, संयुक्त बैठक बोलवावी. त्या बैठकीला मार्गदर्शक शिक्षक आणि छात्राध्यापक या दोघांचे प्रतिनिधी असावेत. पुढील तुकडीची आंतरवासिता सुरू होण्यापूर्वी शाळावाटप, मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यावेतन यांचा एकत्रित शासन निर्णय निघावा, ही विनंती.

आपले नम्र,
बी.एड. द्वितीय वर्षाचे छात्राध्यापक, नंदुरबार जिल्हा
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, आदिवासी विकास विभाग. प्राचार्य, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, नंदुरबार. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, नंदुरबार.