किल्ली खिशात

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीचं नख सरळ वाढत नाही. मधोमध चीर आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंनी ते आपापल्या वाटेनं जातं. लग्नाच्या बोलणीत सासरेबुवांनी विचारलं होतं, "हे कशानं?" "दारात सापडलं," मी सांगून टाकलं. खरं सांगितलं असतं तर जावयाची अक्कल त्यांना लग्नाआधीच कळली असती.

ते बोट मोटारसायकलच्या चेनमध्ये गेलं होतं. नोकरीला लागून चार महिने झाले होते आणि मी सेकंडहँड गाडी घेतली होती. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून आधीच्या मालकानं चेन कव्हर काढून टाकलेलं. मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू! भर पावसाळ्यात इचलकरंजी ते कोल्हापूर रोजची ये-जा. आठ दिवसांत चेन तांबडी झाली, किरकिरायला लागली. रविवारी गाडी डबल स्टँडवर लावली, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि फिरत्या चेनला जुन्या बनियनचं फडकं लावलं. गॅरेजात पोरं असंच करताना पाहिलं होतं, एका मिनिटात चेन लख्ख! माझ्या फडक्याचा एक सुटा धागा दातात गेला. त्याच्यामागून फडकं गेलं. आणि फडकं मी घट्ट धरलेलं असल्यामुळे त्याच्यामागून मी. गुंडाळलेल्या बनियननं चाक अडलं, इंजिन बंद पडलं, म्हणून नखावर भागलं.

आरडाओरडा ऐकून मामा धावत आला. तो यंत्रमागावर जॉबर होता, त्याचं सगळं आयुष्य खडखडणाऱ्या यंत्रांत गेलेलं. त्यानं आधी किल्ली काढून घेतली, मग गाडी न्यूट्रल करून चाक उलटं फिरवलं आणि बोट सोडवलं. त्यानंतर एक मुस्काटात ठेवून दिली. "चालू मागात हात घालतंय व्हय रं कोण?"

बोट बरं झाल्यावर मी कागद घेऊन हिशोब मांडला. शंभर सीसीची गाडी जागच्या जागी, ॲक्सिलेटर न पिळता चालू असते तेव्हा इंजिन मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेतं. पहिल्या गिअरमध्ये तो वेग अकरा-बारा पटींनी उतरतो आणि पुढचा छोटा स्प्रॉकेट, गॅरेजच्या भाषेत सॉकेट, मिनिटाला साधारण १२० वेळा फिरतो. त्याला १४ दात. चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत १२.७ मिलिमीटर. गुणाकार केला तर चेन सेकंदाला ३५ सेंटिमीटर सरकते. बघायला संथच वाटते, तीच तर फसवणूक आहे. दचकून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात चेन आठ-नऊ सेंटिमीटर आत गेलेली असते. तर्जनीची लांबी ज्याची त्यानं मोजावी.

आमच्याकडे गुऱ्हाळाच्या चरकाजवळ पोरांना फिरकू देत नाहीत. मळणी यंत्रावर पदर खोचल्याशिवाय बाई उभी राहत नाही. मोटारसायकलचं मात्र तसं होत नाही. ती दारात उभी असते, दसऱ्याला आपण तिला हार घालतो, पोरं तिच्यावर बसून खोटं खोटं गावाला जाऊन येतात. ती यंत्र आहे हे विसरायला होतं. सरकार विसरलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमानुसार मागचं चाक किमान अर्धं झाकलेलं असावं लागतं. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. बायका बसतात डाव्या बाजूला आणि बहुतेक गाड्यांची चेनही डावीकडेच, तेव्हा रुबाबासाठी काढलेलं चेन कव्हर परत बसवणं हे माझं त्या नखानंतरचं पहिलं काम होतं.

आता मी चेन साफ करतो ती इंजिन बंद करून, किल्ली पँटच्या खिशात टाकून. गाडीला लटकलेली किल्ली चालत नाही, कारण घरात लहान मूल असलं की बटण दाबणारं बोट कधी कुणाचं येईल सांगता येत नाही. गाडी न्यूट्रलला, डबल स्टँडवर. अंगठी काढलेली, बाह्या वर. फडकं धरायचं ते खालच्या बाजूनं धावणाऱ्या चेनवर, आणि चाक हातानं उलटं फिरवायचं. सरळ फिरवलं तर खालची चेन मागच्या मोठ्या सॉकेटकडे ओढली जाते आणि तिच्याबरोबर फडकंही. उलटं फिरवलं की ती सॉकेटपासून लांब जाते. आणखी एक, चाक फिरवणारा आणि फडकं धरणारा माणूस एकच हवा. "बाळा, जरा चाक फिरव रे," असं म्हणून मदतीला पोरगं घेतलं की त्याचा जोर आणि आपलं बोट यांची गाठ पडायला वेळ लागत नाही. नव्या बऱ्याच गाड्यांना डबल स्टँडच नसतो. तिथं मागचा स्टँड विकत घ्यावा, नाहीतर गाडी वीतभर ढकलायची, साइड स्टँडवर लावायची, तेवढाच तुकडा पुसायचा, पुन्हा ढकलायची. वेळ लागतो. लागू दे.

मामा त्याच्या बुलेटची चेन काढून रात्रभर रॉकेलात बुडवायचा आणि सकाळी वाळवून डब्यात पातळ केलेल्या ग्रीसमध्ये सोडायचा. तो सोहळा आता करू नये. हल्लीच्या पुष्कळ चेनमध्ये पिनांभोवती कारखान्यातच ग्रीस भरून वर बारीक रबरी कड्या बसवलेल्या असतात. पेट्रोलनं त्या रबराची वाट लागते, तारेच्या ब्रशनं ते फाटतं. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा अगदी जवळून चेनवर मारतात, तेव्हाही पाणी त्याच कड्यांतून आत घुसतं. फडक्यावर थोडं रॉकेल आणि जुना टूथब्रश एवढ्यावर काम होतं. पेट्रोल तर नकोच. शेजारी तापलेला सायलेन्सर असतो आणि बघायला आलेल्या एखाद्याच्या ओठात विडी असते.

तेल घालायचं ते चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे फिरताना ते आपोआप बाहेर पसरतं. नंतर जास्तीचं पुसून टाकायचं, कारण टायरवर उडालेलं तेल पहिल्या वळणावर हिशोब मागतं. मी रात्री घालतो आणि सकाळी गाडी काढतो.

"चेन ताणली," असं आपण म्हणतो. पोलाद तसं ताणलं जात नाही. शंभरेक कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीची नळी धुळीनं एकमेकींना कातत असतात. प्रत्येक सांध्यात झीज केसाच्या जाडीएवढीच, पण शंभर सांध्यांची मिळून सात-आठ मिलिमीटर भरते. मग दातांवर चेन नीट बसत नाही आणि दात वाघनखासारखे एका बाजूला वळतात. असे दात दिसले की नुसती चेन बदलून उपयोग नाही, दोन्ही सॉकेट सोबत घ्यावे लागतात. ढिलाई बहुतेक छोट्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. घट्ट ओढलेली चेन ऐटदार दिसते, पण गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

गेल्या रविवारी मुलानं नवी गाडी दारात धुतली. मामा बाजल्यावर बसून बघत होता. आता डोळ्यांनी अधू झालाय, पण चेनची ढिलाई अजून अंगठ्यानं सांगतो. मुलानं फडकं घेतलं, बसला आणि म्हणाला, "बाबा, चालू करून गिअरमध्ये टाकू का? पटकन होईल."

मी काही न बोलता किल्ली काढून खिशात टाकली आणि तर्जनी त्याच्यासमोर धरली.

"ते तर दारात सापडलेलं ना? आईच सांगते."

बाजल्यावरून मामा खो खो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाला, "दार? अरं, दाराला कधी गिअर असतंय व्हय?"