गेम खेळताना फायरवॉलचा इशारा आला? घाबरू नका, पण ती बंदही करू नका

सोलापूरच्या होस्टेलांत रात्री ऑनलाइन गेम रंगात आला, की कुणाच्या तरी लॅपटॉपवर इशारा झळकतो : 'पोर्ट स्कॅन रोखले'. मित्रांचा सल्ला ठरलेला, 'फायरवॉलच बंद कर!' हाच सल्ला महागात पडू शकतो.

इशारा का येतो?
फायरवॉल म्हणजे लॅपटॉपचा वॉचमन. आपण ज्याला हाक मारली, त्याचेच उत्तर तो आत सोडतो. गेममध्ये सर्व्हरची यादी उघडली, की एकाच वेळी अनेक सर्व्हरना हाक जाते. काहींची उत्तरे उशिरा येतात. तोवर वॉचमनने नोंद पुसलेली असते, म्हणून त्याला ती घुसखोरी वाटते.

विंडोज परवानगी मागते तेव्हा?
तो हल्ला नसतो. नवा गेम बाहेरून येणारी माहिती घेऊ पाहतो, म्हणून विंडोज विचारते.

काय कराल?
- प्रोग्रॅमचे नाव वाचा. गेम अधिकृत असेल, तर फक्त त्यालाच परवानगी द्या.
- कॅफे, होस्टेलचे वायफाय 'पब्लिक' ठेवा.
- अनोळखी प्रोग्रॅमला नकार द्या. क्रॅक केलेल्या गेमसाठी फायरवॉल बंद करायला सांगितले, तर तिथेच थांबा.

विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून, विंडोजची फायरवॉल आपोआप सुरू असते. तरीही इशाऱ्यांची भाषा सामान्य माणसाला कळत नाही. हा दोष कंपन्यांचा. रोज 'लांडगा आला रे' ऐकणारा खरा लांडगा आल्यावरही 'ओके' दाबून मोकळा होतो.